इंदापूरच्या माळावरचा धाविक

भिगवणला पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी घरून निघण्यापूर्वी एक फोन करावा आणि धरणात पाणी किती आहे ते विचारावं. मी तो केला नव्हता. मार्चचा पहिला आठवडा म्हणजे रोहित पक्षी असणारच, असं धरून चाललो होतो.

चिपळूणला माझा फोटो स्टुडिओ आहे. तीस-बत्तीस वर्षं पासपोर्ट फोटो, बारशी, मुंजी आणि लग्नं यांत गेली. लग्नांची कामं आता तरुण मुलं घेतात, ड्रोन उडवतात, त्यामुळे मला रविवार मोकळे मिळू लागले आणि मी पक्ष्यांच्या मागे लागलो. आमच्याकडे पक्षी भरपूर, पण ते झाडीत. आवाज ऐकू येतो, पान हलतं, आणि कॅमेऱ्यात ते हललेलं पान येतं. मला उघड्यावरचे पक्षी हवे होते. एक भिगवणचा रोहित, म्हणजे वर्तमानपत्रवाले ज्याला फ्लेमिंगो म्हणतात तो. आणि दुसरा माळरानावरचा धाविक. धाविक टिटवीपेक्षा लहान असतो. तांबूस अंग, उंच पांढरे पाय, डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली काळी-पांढरी पट्टी. उडण्यापेक्षा पळणं त्याला जास्त आवडतं, म्हणून हे नाव.

मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, पक्ष्यांचं फारसं नाही. तिला मोरगावचा गणपती करायचा होता आणि नरसिंहपूरला जायचं होतं. नृसिंह तिच्या माहेरचं कुलदैवत, आणि एवढ्या वर्षांत तिथं जाणं झालं नव्हतं. म्हणून आमचा करार ठरला. पहिला दिवस पक्ष्यांचा, दुसरा देवाचा, तिसरा पक्ष्यांचा, चौथा देवाचा. मुक्काम बारामतीत एका लॉजवर. तिथून सगळं तास-दीड तासाच्या आत.

भिगवण

पहाटे निघून उजाडता उजाडता जलाशयाच्या काठावर पोचलो. आमचा नावाडी संतोष, चाळिशीचा, मासेमारी करणारा. हंगामात सकाळी पाहुण्यांना फिरवतो. तो बसायची फळी पुसत असतानाच मी त्याला विचारलं, "किती दिसतील?"

"काय, रोहित?" त्यानं फळी पुसून पुरी केली. "खरं सांगू का साहेब? औंदा पानी उतरलंच न्हाय. दिवाळीनंतरबी पाऊस पडला. त्या पाखरांना गुडघाभर पानी लागतं, खाली चिखल लागतो. आता हितं बांबू बुडतोय."

"मग बोट कशाला सोडता?"

"तुमी आलाय म्हनून."

आम्ही बसलो.

पाणी सुंदर होतं, हे सांगायलाच हवं. आमच्या खाडीसारखं भरती-ओहोटीनं हलणारं नाही. सपाट, राखाडी, दूर दुसऱ्या काठावर उसाची हिरवी रेघ. पक्षी अगदीच नव्हते असंही नाही. पाणकावळे खांबांवर पंख वाळवत बसले होते, नदीसुरय डोक्यावरून जात होते आणि कुरव तर बोटीच्या मागे लागले होते. पण कुरव का मागे लागले ते लगेच कळलं. पुढच्या बोटीतली मंडळी फरसाण उधळत होती. मी काढलेल्या कुरवांच्या प्रत्येक फोटोत एक तरी हात आहे. एका फोटोत हातासकट शेवेची पुडी आहे.

तासाभरानं मंगल म्हणाली, "अहो, तिकडं बघा. गुलाबी."

खरंच होतं. लांबच्या काठाला पाण्यालगत गुलाबी रांग. मधेच एखादी पांढरी, मधेच गडद. मी लेन्स लावली. सकाळच्या धुरकटपणात नीट दिसेना, पण रांग हलत होती. मी पन्नास-साठ फोटो घेतले, संतोषला हळू हळू जवळ न्यायला सांगितलं, मंगलला बोलू नको म्हणून खूण केली. आणखी शंभरेक हात पुढे गेल्यावर रांगेला काठ दिसू लागले. बाभळींवर साड्या वाळत घातल्या होत्या. धुणं धुणाऱ्या बाईनं आमच्याकडे बघून हात हलवला. मंगलनंही हलवला.

"मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय," संतोष अगदी गंभीरपणे म्हणाला.

परतताना त्यानं बोट मधेच थांबवली आणि खाली बोट दाखवलं. "आमचं जुनं गाव हितं हाय. पानी उतरलं की देवळाचा कळस दिसतो. औंदा तेबी न्हाय."

"वाईट वाटतं?" मंगलनं विचारलं.

"मला कशाचं? माझा जलम वरल्या गावातला. आईला वाटतं. ती दरसाल एकदा बोटीत बसून बगून जाती." मग इंजिन सुरू करता करता म्हणाला, "आता पानी हाय म्हनून ऊसवाले खूश हायत. पाखरं आली न्हाईत तर तुमी नाराज. एकाच पान्यानं सगळ्यांचं कसं व्हायचं?"

दुपारी हमरस्त्यावरच्या एका खानावळीत मासे खाल्ले. चिलापी तळलेली, आणि मरळीचा काळा-तांबडा रस्सा, बरोबर ज्वारीची भाकरी. ओलं खोबरं नाही, कोकम नाही, सोलकढी तर नाहीच. मंगल पहिल्या घासाला म्हणाली की गोड्या पाण्यातल्या माशाला चव नसते. दुसऱ्या भाकरीनंतर ती आत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मसाल्यात काय काय घालतात ते विचारून आली. त्या दिवशीचा फायदा म्हणायचा तर तो एवढाच.

मोरगाव आणि सुपे

दुसरा दिवस देवाचा. मोरगावचं देऊळ लांबून छोट्या किल्ल्यासारखं दिसतं, चार कोपऱ्यांना चार मनोरे. आमच्याकडची देवळं नारळी-पोफळींत दडलेली, कौलारू; असा तट असलेला गणपती मंगलनं पहिल्यांदा पाहिला. तिला सगळ्यात नवल वाटलं ते गणपतीसमोर बसलेल्या नंदीचं. हारवालीला तिनं कारण विचारलं, तर तिनं नंदीची गोष्ट सांगायला घेतली. ती सांगताना तीन गिऱ्हाइकं आली-गेली आणि गोष्ट तिन्ही वेळा पहिल्यापासून सुरू झाली. मंगलनं शांतपणे सगळी ऐकली.

या सगळ्यात सुप्याच्या अभयारण्यात पोचायला आम्हांला साडेअकरा वाजले. देवाच्या दिवशी थोडे पक्षीही बघू, असा माझा चोरटा बेत होता. फाटकावरच्या रखवालदारानं आमच्याकडे, मग सूर्याकडे पाहिलं.

"सकाळी सहाला यायचं असतंय. आता उनात कोन बाहीर बसतंय?"

खरोखर कोणी बसलं नव्हतं. एका हिवराच्या सावलीत दोन चिंकारा रवंथ करत होते. काटेरी फांदीवर एक खाटीक पक्षी होता. त्याचा फोटो मी घेतला, पण जमिनीवरून उन्हाच्या झळा उठत होत्या. पडद्यावर पाहिलं तर पक्षी पाण्यात पडल्यासारखा थरथरीत. पंधरा घेतले, पंधराही तसेच. सावलीत बसून बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. मंगल म्हणाली, "माझ्यामुळे उशीर झाला."

"नाही, नाही," मी म्हणालो. पण ज्या आवाजात म्हणालो त्यावरून तिला कळायचं ते कळलं.

माळ

तिसऱ्या दिवशी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ रानात मी काहीही चुकवलं नाही. वेळेत उठलो, वेळेत पोचलो, नियमाप्रमाणे वाटाड्या बरोबर घेतला. तो चांगला माहीतगार होता आणि गाडी ठरलेल्या वाटेच्या वीतभरही बाहेर जाऊ देत नव्हता. पिवळं गवत कमरेएवढं, मधे मधे बोरी-बाभळी. वाटाड्या ठिकाणं दाखवत होता. या खांबावर काल सापमार गरुड होता. या उतारावर काल भोवत्या, घारीसारखा शिकारी पक्षी, फिरत होता. या पाणवठ्यावर परवा लांडगा आला होता.

"आणि धाविक?"

"हाय की. पन आता त्यो गायरानाकडं जास्त असतोय. आखूड गवत लागतं त्याला."

तीन तासांत आम्ही चंडोल पाहिले आणि एक मुंगूस. वाटाड्याला फाटकावर सोडलं. तो मनापासून दिलगीर होता, आणि त्याचं दिलगीर होणं मला जास्त लागलं.

चार वाजता बारामतीकडे परत निघालो. कालव्याच्या कडेनं रस्ता जातो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला उघडं गायरान. कुंपण नाही, पाटी नाही. गुरं-शेरडं चरून चरून गवत बोटभर उरलेलं. आणि तिथं, रस्त्यापासून साठ-सत्तर हातांवर, मला धाविक दिसला. दहा पावलं पळाला, ताठ उभा राहिला, पुन्हा पळाला.

पक्ष्यांचे फोटो काढणारे एक गोष्ट एकमेकांना नेहमी सांगतात, की गाडी म्हणजेच लपण. माणूस उतरला की पक्षी उडतो. गाडीला तो भीत नाही. मीही ती चार जणांना सांगितलेली आहे. मी काच खाली केली आणि गाडी रस्त्यावरून माळावर घातली.

"अहो, रस्ता तिकडं आहे," मंगल म्हणाली.

"गाडीला पक्षी भीत नाहीत."

"मी पक्ष्याचं म्हणत नाही. रस्ता तिकडं आहे."

मी ऐकलं नाही. अगदी हळू, पहिल्या गियरमध्ये, नाकासमोर गेलो. आणि नवल म्हणजे धाविक लांब जाईना. थोडा डावीकडे पळायचा, थांबायचा, परत आमच्याकडे यायचा. एकदा तर गाडीपासून दहा-बारा हातांवर येऊन पंख अर्धे पसरून उभा राहिला. चेहऱ्यावर कलती उन्हं, मागे सोनेरी गवत, डोळ्यात प्रकाशाचा ठिपका. आयुष्यात माझ्यापुढे असा पक्षी उभा राहिला नव्हता. मी बटण दाबतच राहिलो. "किती धीट आहे बघ," मी मंगलला म्हणालो.

तेवढ्यात आरोळी ऐकू आली. माळाच्या उंचवट्यावरून एक म्हातारा हातातली काठी वर धरून येत होता. डोक्याला मुंडासं, अंगात बंडी, मागे दहा-बारा शेरडं. आम्ही कुणाच्या रानात घुसलो असू, असं वाटून मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो.

तो माझ्याकडे आलाच नाही. गाडीच्या मागे, चाकांच्या खुणेवर वाकून चालत गेला आणि एके ठिकाणी बसला. मी जवळ गेलो.

जमिनीवर लिंबाएवढे चार पांढरे दगड मांडलेले होते. म्हणजे तीन जागेवर होते, चौथा चाकानं मातीत दाबला होता. दगडांच्या मधे नुसती माती दिसत होती. मग म्हाताऱ्यानं काठीचं टोक टेकवलं तिथं मला अंडं दिसलं. मातीच्याच रंगाचं, वर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके. त्याच्या शेजारी चाकाची नक्षी उमटली होती, आणि त्या नक्षीत दुसरं अंडं होतं. ओलं, चपटं झालेलं.

"दोन हुती," म्हातारा म्हणाला.

धाविक अजून पळतच होता. डावीकडे, थांबून, परत आमच्याकडे. तो धीट का झाला होता, ते मला आत्ता कळलं.

मंगल गाडीतून उतरून आली. तिनं खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं नाही.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"तुमाला कसं म्हाईत असंल? मला तरी कुठं दिसत्यात आता? नजर गेली. म्हनून तर धोंडं मांडलं. पाखरू उठलं की जागा हेरायची, धोंडं मांडायचं, मंग शेरडं तिकडनं न्यायची न्हाईत." त्यानं दोन काड्यांच्या चिमट्यात फुटलेल्या अंड्याचं कवच उचललं आणि लांब नेऊन टाकलं. परत येऊन ओली माती नखानं खरवडून काढली. "मुंग्या लागत्याल न्हाय तर. आन त्या दुसऱ्यालाबी खात्याल."

"पक्षी येईल का परत?" मंगलनं विचारलं.

"आपुन हितनं गेल्याबिगर कसं येईल, बाई?"

त्यानं मला गाडी आल्या खुणेवरूनच मागे घ्यायला लावली. स्वतः पुढे चालत, खाली बघत, काठीनं दिशा दाखवत. एवढी साठ-सत्तर हातांची वाट, पण पुन्हा एखादा पांढरा दगड दिसेल, या धास्तीनं संपता संपत नव्हती.

म्हाताऱ्याचं नाव पिराजी. गावात सगळे तात्या म्हणतात. वडलांच्या वेळी घरात मेंढरांचा मोठा वाडा होता आणि पावसाळा संपला की ते कोकणच्या अंगापर्यंत जात. आता मुलगा ऊस करतो, कारखान्यात पाळीवर जातो, आणि तात्यांनी हौस म्हणून ही शेरडं ठेवली आहेत. दगड मांडायची रीत वडलांचीच. "मेंढराचा पाय पडला तरी फुटतंय. बा म्हनायचा, आपुन चार महिन्यांनी जानार, त्यांचं घर हितंच हाय." हे सगळं त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून मंगलला सांगितलं. मी दुर्बिणीतून दगडांकडे बघत होतो. उजेड जाईपर्यंत पक्षी जागेवर आला नाही.

लॉजवर जेवताना मी कॅमेऱ्यात फोटो पाहिले. चाळीसेक होते आणि मी आजवर काढलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा चांगले होते. मंगलसमोर धरले. तिनं एक पाहिला आणि कॅमेरा उलटा करून टेबलावर ठेवला.

पुन्हा तिथंच

चौथा दिवस नरसिंहपूरचा, तिचा. मी लवकर तयार झालो. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आधी माळावर."

"तुझा दिवस आहे. दर्शनाला उशीर होईल."

"होऊ दे. देव काही उठून जात नाही."

गाडी कालव्यावर लावून चालत गेलो. तात्या आमच्या आधीच एका बोरीखाली बसले होते, दगडांपासून चांगलं दोनशे हात लांब. आम्हांला बघून त्यांना आश्चर्य वाटलं की नाही, ते कळलं नाही. शेजारची जागा हातानं साफ करून दिली.

"आलं का?"

"मघाशी येऊन गेलं. बसलं न्हाय. कावळ्याला भेलंय."

उसाच्या बांधावरच्या लिंबावर दोन कावळे होते. तात्या मधूनच उठून त्यांच्या दिशेनं ढेकूळ भिरकावत. थोड्या वेळानं ते काम मंगलनं घेतलं. लहानपणी आंब्यावरची माकडं हाकलायची तिला सवय होती. तिचा नेम तात्यांपेक्षा चांगला निघाला.

नऊच्या सुमाराला धाविक आला. पळत, थांबत, पळत. दगडांपर्यंत आला, पुढे निघून गेला, वळला, पुन्हा आला. मग एकदम खाली बसला आणि दिसेनासा झाला. मी दुर्बीण खाली ठेवली. मंगलनं ढेकूळ मारायला वर उचललेला हात तसाच धरला होता. तो हळूच खाली आणला.

तात्यांची सून छाया डोक्यावर न्याहारी घेऊन आली. ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा आणि ताकाची किटली. आम्ही पाहुणे असू, असा तिला अंदाज नसावा, पण भाकऱ्या पाच होत्या आणि पाची संपल्या. तिला आदल्या दिवशीचं सगळं कळलेलं होतं. "तात्या सांजच्याला जेवले न्हाईत," ती मंगलला हळू आवाजात म्हणाली. तिनं तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं. मला ते ऐकू आलं.

ऊन चढल्यावर पक्षी उठून उभा राहिला. मला वाटलं, निघाला.

"ऱ्हावा," तात्या म्हणाले. "आता बसत न्हाय त्ये. उनात हुबं ऱ्हातंय. अंड्यावर सावली धरतंय."

खरंच, पंख जरा सैल सोडून, चोच उघडी ठेवून तो उभा होता आणि त्याच्या सावलीचा काळा ठिपका बरोबर त्याच्या पायांत होता. मला अंडं दिसत नव्हतं, सावली दिसत होती. असं तो किती वेळ उभा राहणार, मी विचारलं. दुसरं येईपर्यंत, तात्या म्हणाले. नर-मादी पाळीपाळीनं उभी राहतात.

कॅमेरा माझ्या गळ्यात होता. सकाळपासून मी तो डोळ्याला लावला नव्हता. "तात्या, फोटो काढू का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे काय विचारणं झालं. "काढा की हितनं. फोटूनं काय हुतंय? चाकानं हुतंय."

मी काढला. दोनशे हातांवरून, झळांमधून. तपकिरी माळावर एक तपकिरी ठिपका आला.

निघताना छायानं मंगलला विचारलं की आमचा स्टुडिओ आहे तर तात्यांचा एक चांगला फोटो निघेल का. घरात त्यांचा एकटा असा एकही नाही. हे काम मला येतं. मी तात्यांना बोरीच्या सावलीच्या कडेला बसवलं, मुंडासं नीट करू दिलं, एक शेरडू आपणहून मांडीला टेकलं ते तसंच राहू दिलं. हसा म्हटलं नाही. तीन फोटो घेतले आणि छायाकडून पत्ता व नंबर लिहून घेतला.

नरसिंहपूर

पोचायला दुपारचे तीन झाले. भीमा आणि नीरा इथं मिळतात. घाटाच्या पायऱ्या उंच, देऊळ वर. मंगल दर्शनाला गेली ती तासभर आली नाही. मी पायऱ्यांवर बसलो. समोर संगमावर नदीसुरय मासे धरत होते, इतक्या जवळ की पंखांचा आवाज येत होता, आणि उजेड फार छान होता. कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली होती. आदल्या दिवशी ती चार्जिंगला लावायची मी विसरलो होतो. शेजारी एक म्हातारी कपडे धूत होती, तिनं विचारलं, "काय बगताय?"

"पक्षी."

"ती व्हय? ती रोजच असत्यात."

मंगल प्रसाद घेऊन आली आणि एक पायरी सोडून खाली बसली. मी तिला म्हणालो, "तू रस्ता तिकडं आहे म्हणालीस, तेव्हा थांबायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. थोड्या वेळानं प्रसादाचा अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला. "काल परवापासून मला वाटत होतं, माझ्या देवांमुळे तुमचे पक्षी हुकताहेत. म्हणून मी कालही जोरात बोलले नाही. बोलायला हवं होतं."

एवढंच बोलणं झालं. मग आम्ही उतरून पाण्यात पाय बुडवून बसलो. कोकणातलं नदीचं पाणी मार्चमध्ये आटून दगड उघडे पडलेले असतात. इथं पोटऱ्यांपर्यंत आलं आणि थंड होतं.

चिपळूण

घरी आल्यावर आठ दिवसांत मी तात्यांचा फोटो मोठा करून, फ्रेम करून पाठवला. माळावरचे ते चाळीस फोटो संगणकात आहेत. ओळखीच्या एका पक्षीमित्रानं त्यातला एक पाहिला आणि विचारलं की एवढ्या जवळून कसा मिळाला. मी सांगितलं. तो म्हणाला की त्यानंही अशी गाडी घातलेली आहे, फक्त मागे जाऊन कधी पाहिलं नाही. तो फोटो मी कुणाला पाठवला नाही. पुसूनही टाकला नाही.

पार्सल पोचल्यावर छायाचा फोन आला. फोटो सगळ्यांना आवडला, फक्त तात्यांचं म्हणणं की आपण एवढे म्हातारे नाही. मग फोन तिनं त्यांच्याकडे दिला. मी आधी अंड्याचं विचारलं.

"न्हाय ऱ्हायलं," तात्या म्हणाले. "मी शेरडांना पानी पाजायला गेल्तो. तेवढ्यात कावळ्यानं नेलं."

दोन पक्षी दोन अंडी राखत होते. एक गेल्यावर, घाबरलेल्या पक्ष्यांना दुसरं राखता आलं नाही, की ते तसंही गेलंच असतं? हे मी तात्यांना विचारलं. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. "त्ये कसं सांगावं, साहेब? दोन्ही असतंय."

"मग ते पक्षी गेले का?"

"कुठं जात्याल? हितंच हायत. टेकाडाच्या पल्याड माती उकरत्यात. आठ-पंधरा दिसांत पुन्हा घालत्याल. म्या धोंडं नेऊन ठिवल्यात तिकडं." पलीकडून शेरडाचा आवाज आला, तात्या त्याच्यावर ओरडले आणि परत फोनवर आले. "या की मंग तुमी. बाईला घेऊन या, तिचा नेम चांगला हाय. कावळं लई झाल्यात."

मंगलला मी हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं, खाली सुट्ट्या पाहिल्या आणि म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी निघू. मोठी लेन्स घरीच ठेवा, जड होते चालताना."